पाण्याआधी लागलेली गारगोटी

वरूड,
अक्षयतृतीया उलटल्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप किसनमामांच्या पायांवर शेखरचं डोकं.

इकडे सगळे खुशाल आहोत (खुशाल या शब्दात काय काय बसतं ते पुढे कळेलच). तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का, मामींच्या डोळ्यांतले थेंब चालू आहेत की बंद झाले, आणि अंगणातल्या सीताफळाने यंदा तरी मनावर घेतलं का, ते सवडीने कळवावं. अकोल्याच्या उन्हाची चौकशी करत नाही. वाघाला जेवलास का असं कोणी विचारत नाही.

फोनच केला असता. पण तुम्ही तो कानाला उलटा धरता आणि 'आवाज येत नाही, पत्र टाक' म्हणून ठेवून देता. म्हणून हे पत्र. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला लिहायचं म्हणून शुद्ध लिहितो आहे. मागच्या पत्रात एका ठिकाणी 'मले' पडलं होतं तर तुम्ही ते पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलंत, ते माझ्या लक्षात आहे. माणसांचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवीन. गीतांजलीच्या तोंडी 'मला' घातलं की ती दुसऱ्याच कोणाची बायको वाटते आणि मला माझ्याच घरात उभं राहायचा संकोच होतो.

आता मूळ गोष्ट. धामणगावच्या लग्नात तुम्हाला कोणीतरी सांगितलं म्हणे, की शेखरच्या विहिरीत हिरे लागले आणि त्याला वेड लागलं. यातली पहिली बातमी चूक आहे. दुसरीबद्दल पत्र वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

तर झालं असं, की होळीच्या सुमारास जुनी विहीर गाळाला लागली. मोटर चालू केली की पाण्याऐवजी नुसती घरघर यायची. आंबिया बहाराची फळं तेव्हा झाडांवर वाटाण्याएवढी होती, आणि या दिवसांत संत्र्याच्या झाडाला तहान लागली तर ते रडत-भेकत नाही, मुकाट्याने फळ खाली टाकून देतं. गीतांजलीने एका सकाळी बागेतून फेरी मारली, ओच्यात गळालेली फळं आणून माझ्या चहाच्या कपाशेजारी ओतली आणि नवीन विहीर खोदायची असं जाहीर केलं. (वावर माझ्या नावावर आहे. झाडं मात्र तिच्या नावावर आहेत, हे झाडांनाही ठाऊक आहे.) नत्थुजी नावाचे विहिरी खोदणारे आहेत आमच्याकडे. क्रेन, सुरुंगवाला, माणसं असं सगळं घेऊन ते आले आणि उत्तरेच्या कोपऱ्यात काम सुरू झालं. आधी माती, मग मुरूम, मग काळा खडक. काळा खडक लागला की रोज दुपारी सुरुंग उडायचा, आम्ही सगळे गोठ्याच्या आड जाऊन उभे राहायचो, आणि धुरळा बसला की काठावरून वाकून पाहायचो. खडकच. रोज खडकच.

एका दुपारी धुरळा बसल्यावर नत्थुजी खाली उतरले ते लवकर वर येईनात. आले तेव्हा मी पाहिलं, की त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. चपला खाली काढून ठेवल्या होत्या. मी विचारलं, पाणी लागलं का. तर म्हणाले, "पानी नाई लागलं दादा. पन काहीतरी लागलं. मले नाव नाई येत त्याचं."

मी क्रेनच्या बादलीत बसून खाली गेलो. (उंचीची मला भीती वाटते हे तुम्ही लहानपणी पाहिलंच आहे. खोलीची त्याहून जास्त वाटते, कारण उंचीवरून निदान पडता येतं.) विहिरीच्या भिंतीत, माझ्या छातीच्या उंचीवर, खडकाला एक भगदाड पडलं होतं. पोरांच्या पाळण्याएवढी पोकळी असेल. मी मोबाईलचा दिवा आत धरला आणि मामा, खरं सांगतो, मी दिवा पुन्हा विझवला. कोणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो असं वाटलं. मग पुन्हा लावला. आत चहूबाजूंनी दगड उगवले होते. उगवले असंच म्हणावं लागेल. गव्हाची पेंढी मधोमध बांधावी आणि दोन्ही टोकांना ती फुलावी, तशा पीचच्या रंगाच्या पेंढ्या. त्यांच्यामधून पांढऱ्या सुयांचे झुबके, फुंकर मारली तर हलतील असे. आणि छताकडच्या अंगाला हिरवे, स्वच्छ, चारी बाजू नीट तासलेले स्फटिक, टोकाला बारके कळस असलेले. तासले कोणी? वर खडक, खाली खडक, आत यायला वाट नाही, उजेड नाही. तिथे हे कोणी, कोणाला दाखवायला करून ठेवलं? मला तेव्हापासून झोप येईना ती याच प्रश्नाने, लोभाने नव्हे. गीतांजली म्हणते लोभानेच. पण लोभी माणूस आधी किंमत विचारतो, मी आधी नाव विचारत होतो.

मी वर येऊन नत्थुजींना म्हणालो, आजचा दिवस काम थांबवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी मी म्हणायच्या आधी त्यांची माणसं सावलीत आडवी झालेली होती.

गावात बातमी पसरायला जानराव पुरेसे आहेत. ते आमचे धुऱ्याचे, म्हणजे बांधाला बांध असलेले शेजारी, तीन बोटांत खड्यांच्या अंगठ्या घालणारे. त्यांनी खाली उतरून पाहिलं नाही, वरून हुंगलं, आणि संध्याकाळपर्यंत वरुडात हिरे झाले, मोर्शीपर्यंत पोचता पोचता नवरत्नं झाली. लोक ट्रॅक्टर भरून पाहायला येऊ लागले. प्रत्येक जण जाताना सहज एखादा तुकडा मागायचा, आणि पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मी द्यायचो. गीतांजली ओट्यावरून पाहायची आणि गप्प बसायची. ती गप्प बसली की मला आपण काहीतरी बरोबर करतो आहोत असं वाटतं. एवढ्या वर्षांत हा समज का सुटला नाही, ते मलाच कळत नाही.

शेवटी मी रुमालात चार नमुने बांधले आणि अमरावतीला उस्मानभाईंकडे गेलो. तुम्हाला आठवत असतील, अंगठीचे खडे विकणारे, कॉलेजात माझ्या बाकावर बसायचे. जानरावही सोबत आले, न बोलावता. उस्मानभाईंनी चहा मागवला, डोळ्याला भिंग लावलं, एकेक नमुना फिरवून पाहिला, आणि मग मला जो धडा दिला तो तुम्हालाही सांगतो, कारण तुम्ही आम्हाला व्याकरणाशिवाय काही शिकवलं नाहीत. ते म्हणाले, रत्न म्हणजे तीन गोष्टी: डोळ्याला भावलं पाहिजे, हाताला टिकलं पाहिजे आणि सहज मिळता कामा नये. तिन्ही जमल्या तर रत्न, नाही तर दगड. मोती आणि पोवळं तर मुळात दगडच नव्हेत, समुद्रातल्या जिवांनी केलेली वस्तू, तरी मान रत्नांचा. आणि माणिक नि नीलम हे एकाच आईचे दोन लेक, पदार्थ तोच, फक्त रंग वेगळा. मामा, हे मला माहीत नव्हतं. आपण एकाला सूर्याचा म्हणतो, दुसऱ्याला शनीचा, आणि घरी दोघे एकाच ताटात जेवतात. मी विचारत गेलो, ते ड्रॉवरमागून ड्रॉवर उघडत गेले. अकीक दाखवले, ज्यात आतल्या आत चित्रं असतात. तामडा दाखवला, डाळिंबाच्या दाण्यासारखा. अस्सल खडा गालाला लावला तर गार लागतो, काच लवकर कोमट होते, असंही म्हणाले, आणि जानरावांचा पुष्कराज सहज मागून गालाला लावला. भिंगाखाली धरला. मग जपून परत केला. जानरावांनी विचारलं, काय झालं. उस्मानभाई इकडचं-तिकडचं बोलू लागले, पण जानराव हटेनात, तेव्हा त्यांनी आतला हवेचा बारका बुडबुडा दाखवला. बुडबुडा दिसला म्हणजे काच.

जानरावांनी अंगठी पुसली आणि पुन्हा बोटात घातली. "दोन वर्षांपासून बाग चांगली चालून राह्यली याच्यानं," ते शांतपणे म्हणाले. "थो काच हाये हे त्याले नोका सांगू."

माझ्या नमुन्यांबद्दल उस्मानभाईंचं मत असं पडलं, की पहिली अट पुरी, तिसरी बरीचशी पुरी, दुसरीत नापास. त्यांनी हिरव्या स्फटिकावर सुरीचं टोक ओढलं आणि रेघ उमटली. अंगठीत टिकणार नाही म्हणाले. मी म्हणालो, गीतांजलीसाठी एक करा, आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आणि मी तिला स्वतःच्या शेतातला दागिना कधी दिला नाही. ते नको म्हणत होते. मी जुनी मैत्री मध्ये घातली. त्यांनी चांदीच्या कोंदणात एक हिरवा तुकडा बसवला, हात जोडले, आणि म्हणाले हिला पाण्यात, पिठात, रागात कशातच घालू देऊ नका.

आता तुम्ही गीतांजलीला ओळखता. अंगठी पाहून तिने ती दिव्याकडे धरली, उलटसुलट केली, 'चांगली हाये' म्हणाली (आमच्याकडे याहून मोठं विशेषण वापरत नाहीत), बोटात घातली आणि भाकरी थापायला बसली. जेवताना माझ्या दाढेखाली काहीतरी कर्र वाजलं. खडा पापुद्रा सुटावा तसा मधून उभा चिरला होता आणि त्यातला अर्धा मला वाढला गेला होता. उस्मानभाईंची मुलगी मिस्बाह नंतर म्हणाली, की दात त्या दगडापेक्षा कठीण असतो, त्यामुळे दगडानेच हरायला हवं होतं. तिला काय माहीत, माझी ती दाढ सिमेंटची होती. आता सिमेंटही नाही.

मिस्बाहची ओळख करून द्यायची राहिली. अमरावतीला भूशास्त्र शिकते, एमएस्सी. बापाने माझे नमुने तिला दाखवले तर ती दुसऱ्याच दिवशी हातोडी, छिन्नी आणि एक वही घेऊन वरुडाच्या बसमध्ये बसली. उस्मानभाईही मागोमाग आले, मुलीला एकटं विहिरीत कसं उतरू द्यायचं म्हणून. (त्यांचाही डोळा पोकळीवरच होता. दुकानाला सुट्टी द्यायला माणसाला निमित्त लागतं.) पोरगी खाली जाऊन आली आणि काठावर बसून तिने सांगितलं ते मी पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. हा काळा खडक म्हणजे कधी काळी वाहिलेला तप्त रस. भातावर येतात तसे त्यात वायूचे फुगे आले, रस गोठला, फुगे रिकामे राहिले. मग लाखो वर्षं खडकातून कोमट पाणी झिरपलं आणि जाताना त्या रिकाम्या जागेत आपल्याजवळचं थोडं थोडं ठेवत गेलं. ते हे. पीच रंगाच्या पेंढ्यांना स्टिल्बाइट म्हणतात. हिरव्याचं नाव ॲपोफिलाइट. (नत्थुजी त्याला अप्पाफिलाइट म्हणू लागले आणि आता सगळं गाव तेच म्हणतं.) ती म्हणाली, हे दागिन्यांचे दगड नाहीतच काका, हे कपाटात ठेवून पाहायचे दगड, जगात लोक हे जमवतात. उस्मानभाई म्हणाले, जे बोटात घालता येत नाही ते काय कामाचं. ती म्हणाली, अब्बा, चांद तरी कुठे बोटात घालता येतो. यावर बापलेकींचं जे चाललं ते आमच्या ओसरीवर जेवण होईपर्यंत चाललं, आणि मी दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही हो म्हणत होतो, कारण मला दोघांचंही पटत होतं.

तिनेच जाता जाता सांगितलं, की या पेंढ्यांच्या आत पाणी कोंडलेलं असतं, तापवली की सोडतात. हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी बागेतून आलो तो स्वयंपाकघरात शेगडीवर तवा, तव्यावर माझी एक पेंढी, आणि तिच्यावर काचेचं झाकण. गीतांजली पदराने झाकण धरून वाकून पाहत होती. दगड फुगला, पापड तळताना फुलतो तसा पापुद्र्या-पापुद्र्यांनी उलगडला, आणि झाकणाला आतून बारीक बारीक थेंब धरले. तिने झाकण माझ्यासमोर धरलं.

"दगडातून पानी मी काढून दाखवलं," ती म्हणाली. "आता इहिरीतून तुमी काढा."

(मला राग आला तो पेंढी गेल्याचा. पण रात्री विचार करताना एक गोष्ट खुपली. नुसता दगड जाळायचा असता तर झाकण कशाला ठेवलं? आणि काचेचंच का?)

तिचं बरोबर होतं, हे मी या पत्रात लिहितो, तिच्यासमोर अजून बोललेलो नाही. झाडांची पानं दुपारी नावेसारखी वळू लागली होती. जुन्या विहिरीतलं उरलंसुरलं पाणी आम्ही ड्रमने ओढून पाळीपाळीने घालत होतो, एका ओळीला दिलं की दुसरी ओळ आमच्याकडे पाहायची. मी विहिरीकडे गेलो की पोकळीच दिसायची आणि बागेत गेलो की विहीर. दोन्हीकडे अपराधी. सुरुंग उडवला तर लाखो वर्षांचं काम एका टिकलीने जाणार, नाही उडवला तर आमचं वीस वर्षांचं. शेवटी गीतांजलीने नत्थुजींना बोलावलं आणि माझ्यादेखत सांगितलं, की सोमवारी सुरुंग लावायचा. तोवर यायले (म्हणजे मला) जे काढाचं ते काढू द्या.

मिस्बाह शनिवारीच येऊन राहिली. अपेक्षाच्या खोलीत झोपली (आमची अपेक्षा पुण्याला नोकरीवर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, ती फोनवर फक्त एवढंच म्हणाली, बाबा माझ्या खोलीत दगड ठेवू नका). पोकळी फोडायची नाही, मागचा खडक कापत जायचं आणि शक्य तेवढी सबंध काढायची, असा तिचा बेत. नत्थुजींची माणसं छिन्नीने रेघ पाडत होती, ती ओले गोणपाट लावत होती, मी दिवा धरत होतो. सुटे सुटे तुकडे वर आले की उस्मानभाई ते संत्र्याच्या खोक्यांत तणस घालून भरत होते, एकेकाला 'वा' म्हणत, दागिना नसला तरी. रविवारी दुपारपर्यंत मुख्य शिळा सुटायला आली, आणि तेव्हा वरून आवाज आला की गीतांजली खाली येते आहे.

ती कधी विहिरीत उतरली नव्हती. बादलीतून उतरली, पदर खोचला, नत्थुजींना म्हणाली, काऊन इतका येळ लागून राह्यला, आणि पोकळीकडे वळली. मी दिवा धरला. मग तिने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः धरला. वरून क्रेनवाल्याने दोनदा हाक मारली, तिने ऐकली नाही. हात आत घालून तिने एका हिरव्या स्फटिकाच्या कळसाला बोटाचं टोक लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"हे कोनासाठी ठेवलं नोतं," ती म्हणाली. "तरी किती नीट ठेवलं."

मामा, मी इतके दिवस हेच म्हणायचा प्रयत्न करत होतो. जानरावांपुढे, उस्मानभाईंपुढे, गावापुढे, आणि मला ते जमलं नव्हतं. मिस्बाह काहीतरी लिहून घेत होती, तिनेही लिहायचं थांबवलं.

शिळा वर घ्यायची तर बादलीत ती एकीकडे कलत होती, दुसऱ्या बाजूला वजन हवं होतं. मी तयार झालो. गीतांजली म्हणाली, तुमी खाली पाह्यसान, डोळे फिरतीन, अन् दोघंबी पडसान. मग तीच बसली, शिळेला मांडीशी धरून, जशी अपेक्षाला दवाखान्यातून आणली होती तशी. क्रेन कुरकुरत वर चढू लागली. अर्ध्यावर बादली भिंतीला घासली आणि कलंडली. तिने दोन्ही हात शिळेभोवती टाकले, आपला तोल सोडून. दोराला एक हिसका बसला. नत्थुजींनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण मिटले आणि उघडल्यावर ती दिसली नाही तर, हे मला सोसलं नसतं. बादली आपोआप सरळ झाली. वर पोचल्यावर तिने आधी शिळा उतरवून घेतली, मग स्वतः उतरली. तिचं कोपर सोलवटलं होतं आणि एक पेंढी तुटली होती. तिने आधी पेंढीचं विचारलं.

सोमवारी सुरुंग भरला. पोकळीचा मागचा भाग काढता आलाच नव्हता, पांढऱ्या सुयांचा एक सबंध कोपरा तिथेच राहिला होता. सुरुंगवाला माझ्याकडे पाहत होता, मी नत्थुजींकडे, नत्थुजी गीतांजलीकडे. तीच म्हणाली, उडवा. आणि पहिल्यांदाच गोठ्याआड न जाता घरात निघून गेली. त्या दिवशी काही लागलं नाही. पुढच्या सुरुंगालाही नाही. त्यानंतरच्या एका संध्याकाळी नत्थुजींनी तळाशी पहार मारली आणि ती ओली निघाली. रात्रभरात गुडघाभर पाणी आलं. फार नाही, दूधट, थोडं कोमट. पण ठिबकला पुरतं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढंच असतं. झाडांनी पानं सरळ केली. जी फळं टाकायची ती टाकून झाली होती, उरली ती धरली आहेत.

शिळा आता आमच्या बैठकीत, टीव्ही होता तिथे आहे. टीव्ही अपेक्षाच्या खोलीत गेला. मिस्बाह तिच्यावर काही लिहिणार आहे, तिच्या विभागातले सर येऊन फोटो काढून गेले. एका बाहेरच्या संग्राहकाने विकत मागितली, तेव्हा मी गीतांजलीकडे पाहिलं आणि तिने शिळेवर धुतलेला टॉवेल टाकला. ते उत्तर त्यांना समजलं. उस्मानभाई दर आठवड्याला येतात, शिळेसमोर बसतात, चहा पितात, 'काम की नहीं है' म्हणतात आणि परत जातात. मी आता रस्त्यावरची गिट्टीसुद्धा उलटून पाहतो. परवा रिद्धपूरला देवदर्शनाला गेलो होतो तिथे पायऱ्यांच्या दगडात बारके फुगे दिसले, मी वाकलो, लोकांना वाटलं दंडवत घालतो आहे, म्हणून तोही घातला.

असो. लिहिण्यात चूकभूल झाली असेल ती लाल शाईने दुरुस्त करावी, पण यंदा पत्र परत पाठवू नये. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
शेखर

ता. क. एक लहानसं काम होतं, तेवढ्यासाठी पत्र लिहिलं असं समजू नका. मृग बहाराची शेवटची संत्री गेल्या आठवड्यात ट्रकने अकोल्याच्या फळबाजारात गेली. मागाहून मोजतो तो गारगोटीचं एक खोकं कमी. नेमकं ज्यात हिरवे सगळे निवडून ठेवले होते तेच. खोकी सारखीच, हमालाने संत्री समजून चढवलं असणार. तुम्ही जरा गुडघा सांभाळून बाजारात जाऊन चौकशी कराल का? खोक्याला दोरी निळी आहे. व्यापाऱ्यांना आत काय आहे ते सांगू नका, संत्रीच म्हणा, फक्त वजनाला जरा जड म्हणा.

ता. क. २. गीतांजलीला यातलं काही कळू देऊ नका. खोकं गेलं हे तिला अजून माहीत नाही, आणि ती अलीकडे या दगडांबद्दल फार हळवी झाली आहे.

ता. क. ३. मामांजी, नमस्कार. गीतांजली लिहून राह्यली. पत्र पोस्टात टाकाले माह्याच हाती देलं, म्हनून वाचलं. खोकं चुकून नाही गेलं. मीच ट्रकवाल्याले देलं, मामीच्या नावानं. यायले पाहुना दिसला की हे दगड वाटतेत, मंग घरात काय राह्यते. मामीले फोन केल्ता, त्यायनं ठेवून घेतलं. तुमाले सांगतलं नसन. तुमी ज्या पलंगावर बसून हे वाचून राह्यले त्याच्याच खाली हाये, निळी दोरी. बाजारात जाऊ नोका, गुडघा दुखन. यायले लिहा की शोधलं, पन सापडलं नाही. वरचा हिरवा मामीले ठेवजा. अन् एकदम खाली तनसात एक काळा साधा दगड हाये, काहीच नाही त्याच्यात, चमकत बी नाही. मामी म्हनतीन हे काय पाठवलं. म्हनू द्या, पन तो फेकू नोका. पानी लागलं तिथला हाये तो.

अन् माहं पत्र लाल शाईनं दुरुस्त करू नोका. मी बरोबर लिहेल हाये.